'तुम्हाला इंटरनेटचं मध्यम व्यसन आहे': हा आकडा येतो कुठून?

मागच्या वर्षी ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी साडेआठला मावशीचा फोन आला. ती टागोर नगरला राहते, मी कन्नमवार नगरला. दोन्ही विक्रोळी पूर्वेलाच, चालत पंधरा मिनिटं. "आत्ताच्या आत्ता ये. हिच्या कॉलेजातून मेल आलाय. हिला इंटरनेटचं व्यसन आहे म्हणे."

पावसात भिजत पोचलो. वायफायचा राउटर वायरीसकट कपाटावर ठेवलेला, मावशी ओट्यापाशी भांडी आपटतेय, काका पेपरमागे लपलेले आणि माझी मावसबहीण पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसलेली. ती एसवाय बीएस्सीला आहे. काही न बोलता तिने फोन माझ्या हातात दिला. मेलमध्ये तीनच वाक्यं होती: "तुमचा स्कोअर ५७. तुम्हाला इंटरनेटचं मध्यम पातळीचं व्यसन आहे. वापर कमी करण्याचा प्रयत्न करा."

ती वाक्यं मी लगेच ओळखली, कारण ती मीच लिहिली होती.

झालं असं होतं की माझा इंजिनीअरिंगचा एक मित्र आता आमच्याच लाइनवरच्या एका कॉलेजात शिकवतो. (कॉलेजचं नाव सांगत नाही. चूक त्यांची थोडी आणि माझी बरीच आहे.) विद्यार्थ्यांमधलं इंटरनेटचं व्यसन मोजायचा एक छोटा प्रकल्प त्यांच्याकडे होता. त्याने मला वीस प्रश्नांची एक पीडीएफ पाठवली आणि म्हणाला, "गूगल फॉर्म करून दे ना, आणि भरल्या भरल्या मुलांना निकाल मेलवर जाईल असं काहीतरी कर." मी ऑफिसातून आल्यावर एका रात्रीत ते करून टाकलं. फॉर्म भरला की उत्तरं शीटमध्ये जाणार, ॲप्स स्क्रिप्ट वीस आकड्यांची बेरीज करणार, चार-पाच इफ-एल्स आणि मेल रवाना. चाळीस ओळींचा कोड. टेस्टिंग म्हणून मी स्वतः दोनदा फॉर्म भरला, मेल आला, झालं. बेरीज बरोबर येते की नाही एवढंच बघितलं. त्या बेरजेचा अर्थ काय, हा प्रश्न माझ्या डोक्यातही आला नाही. मावसबहिणीचंच कॉलेज आहे हे माहीत होतं, पण तिच्यापर्यंत हा फॉर्म जाईल हे डोक्यात नव्हतं.

त्या रविवारनंतर मी दोन आठवडे या विषयावर मिळेल ते वाचत बसलो. जे कळलं ते इथे लिहितोय. तुमच्या घरात किंवा कॉलेजात असा एखादा स्कोअर येऊन पडला असेल, तर उपयोगी पडेल.

वीस प्रश्न आले कुठून

या विषयाची सुरुवात एका चेष्टेतून झाली. न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ इव्हान गोल्डबर्ग यांनी १९९५ मध्ये 'इंटरनेट ॲडिक्शन डिसऑर्डर' नावाचा एक खोटा आजार रचून ऑनलाइन टाकला. मानसिक आजारांच्या अधिकृत यादीची भाषा किती ताणता येते, याची ती टवाळी होती. बोटं आपोआप टाइप केल्यासारखी हलणं हे त्यांनी एक लक्षण म्हणून दिलं होतं. काही जणांनी ते खरं मानलं आणि आपल्यालाही हे आहे असं कळवलं.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ किम्बर्ली यंग मात्र हा विषय गंभीरपणे घेत होत्या. १९९६ मध्ये त्यांनी आठ प्रश्नांची एक चाचणी मांडली. जुगाराच्या व्यसनाचे निकष घ्यायचे, जुगाराच्या जागी इंटरनेट ठेवायचं, आठपैकी पाच 'हो' आले तर व्यसन. पुढे १९९८ मध्ये त्यांनी वीस प्रश्नांची 'इंटरनेट ॲडिक्शन टेस्ट' दिली. आजही जगभर कॉलेजांमध्ये सगळ्यात जास्त वापरली जाणारी चाचण्यांपैकी ही एक. माझ्या मित्राची पीडीएफ हीच होती.

प्रश्न साधारण असे: ठरवलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ ऑनलाइन राहता का? त्यापायी घरातली कामं राहतात का? मार्कांवर परिणाम होतो का? ऑनलाइन असताना कुणी मध्ये बोललं की खेकसता का? रात्री झोप मोडते का? प्रत्येक उत्तराला ० ते ५ गुण, एकूण १००.

जुगाराचा साचा घेतला, यात मुळात एक अडचण आहे. पत्त्यांच्या अड्ड्यावर कुणी असाइनमेंट सबमिट करायला जात नाही. हॉल तिकीट, फी, लेक्चरच्या नोट्स, 'आज प्रॅक्टिकल रद्द' असा ग्रुपवरचा मेसेज, लोकल किती लेट आहे हे एम-इंडिकेटरवर बघणं, हे सगळं त्याच खिडकीतून येतं जिथून रील्स येतात. चाचणीतला एक प्रश्न विचारतो की दुसरं काम करायच्या आधी तुम्ही ईमेल तपासता का. १९९८ मध्ये मोडेम लावून आधी मेल बघणारा माणूस कदाचित वेगळा वाटत असेल. आज सकाळी कॉलेजचा मेल न बघणारा विद्यार्थी बेजबाबदार म्हणवला जाईल.

आणि घरकामाचा प्रश्न. हा मला सगळ्यात जास्त खटकतो. फोनवर तीन तास घालवणारा मुलगा आणि तीनच तास घालवणारी मुलगी घ्या. ज्या घरात मुलाला कधी भांडी घासायला सांगितलीच जात नाहीत, तिथे त्याची कामं 'राहणार' कशी? तो 'लागू नाही' टिक करून शून्य घेणार. मुलीला दिवसातून चार हाका पडतात, म्हणून तिला तीन किंवा चार गुण. इथे मोजलं जातंय ते इंटरनेट की घर?

मुंबईत मोजलं तेव्हा

आपल्याच शहरातला एक अभ्यास आहे. नायर हॉस्पिटलच्या टोपीवाला नॅशनल मेडिकल कॉलेजातल्या मानसोपचार विभागाचे गोयल, सुब्रमण्यम आणि कामत यांनी मुंबईतल्या वेगवेगळ्या शाखांच्या ९८७ विद्यार्थ्यांना यंग यांचे प्रश्न दिले. तो २०१३ मध्ये इंडियन जर्नल ऑफ सायकियाट्रीमध्ये छापून आला. ६८.९ टक्के मुली, सरासरी वय १६.८२, म्हणजे पदवीच्या उंबरठ्यावरची मुलं. निष्कर्ष: ७४.५ टक्के मुलं 'मॉडरेट', म्हणजे सरासरी वापर करणारी, आणि यंग यांच्या मूळ निकषाने ०.७ टक्के व्यसनी. ०.७ टक्के म्हणजे ९८७ मध्ये जेमतेम सात जण.

आता 'मॉडरेट' या शब्दाकडे बघा, कारण माझा घोळ इथेच झाला.

यंग यांच्या चाचणीचे गुण वाचायच्या दोन पद्धती फिरताहेत. एकीत प्रत्येक प्रश्नाला १ ते ५ गुण, म्हणजे कमीत कमी बेरीज २०. त्यात २० ते ४९ म्हणजे सर्वसाधारण वापर, ५० ते ७९ म्हणजे अधूनमधून किंवा वारंवार अडचणी येतात, ८० च्या वर मोठी अडचण. दुसऱ्या पद्धतीत 'लागू नाही' हा शून्याचा पर्यायही असतो. तिथे ३० पर्यंत सामान्य, ३१ ते ४९ सौम्य, ५० ते ७९ मॉडरेट, ८० ते १०० तीव्र. म्हणजे मुंबईच्या अभ्यासात 'मॉडरेट' हा शब्द चारचौघांसारख्या मुलांसाठी आलाय आणि दुसऱ्या तक्त्यात तोच शब्द अडचणीतल्या मुलांसाठी. घाईत कुणी '७४.५ टक्के मुलं मध्यम व्यसनी' असं वाचलं, तर मी त्याला हसणार नाही. मी स्वतः त्याहून वाईट केलं होतं.

माझ्या फॉर्ममध्ये सगळे प्रश्न सक्तीचे होते आणि 'लागू नाही' हा पर्याय मी जागा वाचवायला काढून टाकला होता. म्हणजे गुण १ ते ५ आणि कमीत कमी बेरीज २०. पण पट्टे मात्र दुसऱ्या तक्त्यातले, ३१ पासून 'सौम्य व्यसन'. हिशेब करून बघा. एखाद्याने नऊ प्रश्नांना 'क्वचित' आणि अकरा प्रश्नांना 'कधीकधी' म्हटलं, तर ९ अधिक २२, बरोबर ३१. एकाही प्रश्नाला 'बऱ्याचदा' न म्हणणाऱ्या मुलाला माझी स्क्रिप्ट 'सौम्य व्यसन' असा मेल पाठवत होती. कोड चालत होता, एरर एकही नव्हती. आमच्या धंद्यात अशी चूक सगळ्यात उशिरा सापडते.

दुसरी चूक भाषांतराची. मूळ पर्यायांचा चढता क्रम मी मराठीत असा केला: क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, वारंवार, नेहमी. आता सांगा, 'बऱ्याचदा' मोठं की 'वारंवार'? ऑफिसात सहा मराठी माणसांना विचारलं, दोन तट पडले. इंग्रजीतही त्या दोन शब्दांत कुठला वरचा यावर लोक अडखळतात. फॉर्ममध्ये मात्र एकाला ३ आणि दुसऱ्याला ४.

बहिणीची उत्तरं तिच्या परवानगीने उघडली. नऊ ठिकाणी 'वारंवार', दहा ठिकाणी 'कधीकधी', एक 'क्वचित'. ३६, २० आणि १, एकूण ५७. मी विचारलं, "वारंवार म्हणजे बऱ्याचदापेक्षा जास्त असं समजून टिक केलंस का?" ती म्हणाली, "दादा, मला दोन्ही एकच वाटले. जो आधी दिसला तो." त्या नऊ ठिकाणी तिने शेजारचं 'बऱ्याचदा' निवडलं असतं तर बेरीज ४८. पहिल्या तक्त्याप्रमाणे सर्वसाधारण. राउटर जागेवर.

चाचणी 'विश्वसनीय' आहे म्हणजे काय

मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, पण ही जगभर वापरलेली विश्वसनीय चाचणी आहे." बरोबर आहे. पण संशोधनात विश्वसनीय या शब्दाचा अर्थ मर्यादित असतो. वीस प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी जुळतात का, एका प्रश्नाला जास्त गुण देणारा बाकीच्यांनाही देतो का, याचा एक आकडा काढतात. तो चांगला आला की चाचणी सुसंगत आहे असं म्हणतात. भाजीवाल्याचा काटा प्रत्येक वेळी न चुकता शंभर ग्रॅम जास्त दाखवत असेल तर तोही सुसंगतच आहे. खरा प्रश्न असा की जे मोजायचंय तेच मोजलं जातंय का.

याची एक झकास परीक्षा २०२० मध्ये ब्रिटनमधल्या लियाम सॅचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली. सोशल मीडियाच्या व्यसनाच्या प्रश्नावल्या घेतल्या आणि त्यातल्या सोशल मीडियाच्या जागी 'प्रत्यक्ष भेटणारे मित्र' असं ठेवलं. मित्रांचा विचार सतत करता का, त्यांना भेटता आलं नाही तर अस्वस्थ होता का, अशा चालीवर. ८०७ लोकांनी ती भरली आणि त्यातले ६९ टक्के मित्रांचे व्यसनी निघाले. कन्नमवार नगरच्या नाक्यावर ती प्रश्नावली वाटली असती तर आमचा अख्खा कट्टा तीव्र पट्ट्यात गेला असता. एखाद्या गोष्टीची ओढ असणं आणि तिचं व्यसन असणं, या दोन्हींना हे प्रश्न सारखेच गुण देतात.

पुढची गोष्ट निव्वळ गणिताची. समजा १००० विद्यार्थ्यांमध्ये खरोखर अडचणीत असलेले सात आहेत. (मुंबईचा ०.७ हा आकडाही प्रश्नावलीतूनच आलाय, डॉक्टरांनी एकेकाला तपासून नाही, पण हिशेबापुरता धरू.) आणि समजा आपली चाचणी बरीच चांगली आहे: अडचणीतल्या दहांपैकी नऊ पकडते आणि ठीक असलेल्या दहांपैकी नऊंना सोडते. मग सातपैकी सहा सापडतील. पण उरलेल्या ९९३ मधल्या दहाव्या हिश्श्याला, म्हणजे ९९ जणांना, उगाचच मेल जाईल. १०५ मेल, त्यातले खरे सहा. जी गोष्ट मुळात कमी लोकांत असते ती सरसकट सगळ्यांत शोधायला गेलं की असंच होतं, चाचणी कितीही भारी असो. म्हणून अशा चाचणीचा निकाल हा 'याच्याशी कुणीतरी बोला' एवढ्यापुरता असतो. तो थेट मुलाच्या इनबॉक्समध्ये 'तुम्हाला व्यसन आहे' म्हणून टाकणं हा माझा शहाणपणा होता, यंग यांचा नाही.

तसं बघितलं तर 'इंटरनेटचं व्यसन' हे निदान अधिकृत याद्यांमध्ये आजही नाही. अमेरिकेच्या २०१३ च्या यादीत इंटरनेट गेमिंगचा उल्लेख आहे, पण 'अजून अभ्यास हवा' या विभागात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. तिथेही खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येणं, नुकसान होतंय दिसूनही चालू ठेवणं, आणि या सगळ्याने शिक्षण, घर किंवा काम खरोखर कोलमडणं, हे साधारणपणे बारा महिने दिसावं लागतं. त्यात तासांचा आकडा कुठेच नाही.

मग फोनलाच विचारू की

मी इंजिनीअर. माझ्या मनात पहिला विचार हाच आला की माणसांना कशाला विचारायचं, फोनला सगळं माहीत असतं. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲप समोर कधी आलं आणि मागे कधी गेलं याची वेळेसकट नोंद होते. कुठल्याही ॲपला ती वाचायची तर सेटिंग्जमध्ये जाऊन वेगळी परवानगी द्यावी लागते, नेहमीच्या पॉपअपवर मिळत नाही. तुम्हाला स्वतःला बघायची असेल तर डिजिटल वेलबीइंग उघडा, आयफोनवर स्क्रीन टाइम. दोन्ही २०१८ पासून आहेत.

लोकांना स्वतःचा वापर सांगता येत नाही हे तर सिद्धच झालंय. २०२१ मध्ये नेचर ह्यूमन बिहेविअरमध्ये डग्लस पॅरी आणि सहकाऱ्यांनी 'सांगितलेला वापर' आणि 'नोंदलेला वापर' यांच्या १०६ तुलना एकत्र करून तपासल्या. दोन्हींचा मेळ मध्यमच होता. आणि व्यसनाच्या छापाच्या प्रश्नावल्यांचा नोंदींशी मेळ तर त्याहूनही कमी. थोडक्यात, 'मी फोनवर फार असतो' असं वाटणं आणि फार असणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून बहिणीला म्हटलं, चल, दोघं मिळून बघू. मावशीला बाहेर बसवलं. (ती बसली नाही, दारात उभी राहिली.)

रोजचा सरासरी वापर सहा तासांच्या आसपास. मावशीने "बघ!" म्हटलं. मग एकेक उकलत गेलो. जवळपास तासभर एक गेम. "हा माझा नाही, छोटूचा आहे," बहीण म्हणाली. धाकटा भाऊ संध्याकाळी तिच्याच फोनवर खेळतो. वन रूम किचनमध्ये फोनचा मालक एक आणि वापरणारे तीन असतात हे अँड्रॉइडला कळत नाही. मग दीड तास व्हिडिओ. त्यातली बरीचशी ऑरगॅनिक केमिस्ट्रीची लेक्चर्स, फोन डब्याला टेकवून, ही वहीत उतरवतेय. स्क्रीन चालू म्हणजे वापर चालू. उलट लोकलमध्ये कानात गाणी आणि फोन बॅगेत, तो वेळ यात धरलेलाच नाही. लॅपटॉपवरचंही नाही. आणि इन्स्टाग्राम होतंच, रोज सव्वा तास, त्याबद्दल तिने काही सफाई दिली नाही.

तोपर्यंत मी जिंकत आलो होतो. चाचणी चुकीची, लेबल चुकीचं, तासही फसवे. मावशीला राउटर खाली काढायला सांगणारच होतो. तेवढ्यात मी सहज तासांप्रमाणे पट्ट्या उघडल्या.

सलग सगळ्या रात्री, एक ते साडेतीनच्या मध्ये, पट्ट्या होत्या. मोठ्या नाहीत. फोन उघडला, सात मिनिटं, बंद. वीस मिनिटांनी परत. पुन्हा. इन्स्टा, यूट्यूब, काहीही. मावशीने राउटर काढल्यावर शनिवारच्या रात्रीही तसंच, फक्त मोबाइल डेटावर.

मी विचारलं, "हे काय गं?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग दाराकडे बघून हळूच म्हणाली, की पहिल्या वर्षाच्या निकालात दोन केट्या लागल्यात आणि घरी सांगितलेलं नाही. जूनपासून रात्री झोप लागत नाही. अंधारात पडून राहिलं की छातीत धडधडतं, मग फोन उघडते.

दारातून मावशीचा आवाज आला नाही.

उलटा बाण

मुंबईच्या त्या अभ्यासात आणखी एक निष्कर्ष होता, जो मी पहिल्यांदा वाचताना ओलांडून गेलो होतो. ज्यांचा वापर जास्त, त्यांचे चिंता आणि नैराश्याचे गुणही जास्त. हे वाचून आपलं मन लगेच बाण काढतं: इंटरनेटमुळे चिंता. पण एकाच वेळी भरून घेतलेल्या फॉर्मवरून बाणाची दिशा कळत नाही. चिंतेमुळे इंटरनेटही असू शकतं, किंवा तिसऱ्याच कशामुळे दोन्ही.

बहिणीची नऊ 'वारंवार' उत्तरं मी पुन्हा काढून बघितली. झोप, चिडचिड, लपवणं, नको ते विचार विसरायला ऑनलाइन जाणं, याच प्रश्नांवर ती जास्त होती. म्हणजे ५७ हा आकडा अगदी हवेतला नव्हता. तो कसल्यातरी त्रासाची खूण होता. त्याला 'व्यसन' हे नाव मी दिलं, आणि त्या नावामुळे घरातल्या सगळ्यांचं लक्ष राउटरकडे गेलं.

राउटर काढणं हा उपाय आपल्याकडे नवा नाही. विक्रोळीहून जेव्हीएलआरने वर गेलं की पवई. २००७ च्या मार्चमध्ये आयआयटी मुंबईने वसतिगृहांतलं इंटरनेट रात्री ११ ते दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारापर्यंत बंद केलं होतं. मुलं रात्रभर जागतात, सकाळी लेक्चरला येत नाहीत, एकमेकांशी बोलत नाहीत, अशी कारणं होती. तेव्हा ते जमण्यासारखं होतं, कारण खोलीत येणारी वायर एकच होती. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि वायर प्रत्येकाच्या खिशात गेली. ते दुसरं जग झालं. मुंबईचा तो अभ्यासही जिओच्या आधीचा आहे, त्यामुळे २०१३ चा ०.७ आज तसाच्या तसा वापरू नये, आणि आजच्या एखाद्या कॉलेजातल्या मोठ्या आकड्याशी त्याची थेट तुलनाही करू नये. पट्टे वेगळे, भाषांतर वेगळं, जग वेगळं.

खरोखर ताबा सुटलेली मुलं असतात, यात मला शंका नाही. ऑफिसातला एक जण गेमपायी दोन सेमिस्टर घालवून बसला होता, तो स्वतः सांगतो. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून यासाठी 'शट' नावाचं वेगळं क्लिनिक चालतं. गंमत म्हणजे असा मुलगा माझा फॉर्म भरायला बसला तर सगळीकडे 'क्वचित' टिक करून मोकळा होईल. विसाला विस. सामान्य.

फॉर्मचं पुढे काय झालं

सोमवारी रात्री मित्राला फोन करून मेल थांबवले. आधी गेलेल्या सगळ्यांना नवा मेल गेला: आधीचा निकाल चुकीच्या पद्धतीने काढला होता, तो रद्द समजावा, चूक फॉर्म बनवणाऱ्याची आहे. मित्राला 'तांत्रिक अडचणीमुळे' असं लिहायचं होतं. मी नको म्हटलं, जरा वादही झाला. तेव्हाच लक्षात आलं की नावं, ईमेल आणि स्कोअर असलेली शीट 'लिंक असेल त्याला दिसेल' अशी उघडी होती. मानसिक आरोग्याची माहिती, मुलांच्या नावासकट. ती बंद केली. हे लिहायला लाज वाटते, पण तुमच्या कॉलेजातल्या शीटचं सेटिंगही आज बघून घ्या.

नवा फॉर्म बिननावाचा आहे. 'लागू नाही' परत आलंय. पर्यायांच्या शब्दांऐवजी आता 'महिन्यातून एकदा', 'आठवड्यातून एकदा', 'आठवड्यातून तीन-चार वेळा' असं मोजता येईल असं लिहिलंय. यामुळे मूळ चाचणीशी तुलना करता येणार नाही, हे मित्राने अहवालात तसंच नमूद केलंय. शेवटी दोन प्रश्न जास्तीचे: हा फोन आणखी कोण वापरतं, आणि गेल्या महिन्यात झोप कशी आहे. स्कोअर कुणालाच जात नाही. सगळ्यांना एकसारखं पान दिसतं, त्यावर कॉलेजच्या समुपदेशकांची वेळ आणि टेलिमानसचा १४४१६ हा मोफत नंबर, मराठीतही बोलता येतं.

बहीण दोनदा त्या समुपदेशकांकडे जाऊन आली. तिथे काय बोलणं झालं ते मी विचारलेलं नाही. केट्यांचा फॉर्म भरायला मावशी तिच्याबरोबर गेली, रांगेत दोन तास उभी राहिली आणि तेवढ्या वेळात स्वतःच्या फोनवर सीरियलचे दोन भाग बघून आली. राउटर खाली आला तो मात्र त्यानंतर तीन दिवसांनी, छोटूच्या शाळेचा प्रोजेक्ट अपलोड करायचा होता म्हणून.